सेइजीचा पंखा

गिरीशला भांडता येत नसे. सांगलीत असताना रिक्षावाल्याशी जमलं नाही, अमेरिकेत आल्यावर घरमालकाशी जमलं नाही. यालाच तो समजूतदारपणा म्हणायचा, आणि लोकही म्हणायचे. समजूतदार माणूस जवळ असला की बाकीच्यांची मोठी सोय होते. एडिसनच्या मराठी मंडळाला तर असा माणूस हवाच होता. खुर्च्या मांडायला, रुसलेल्यांची समजूत काढायला, आणि कुणाला काही वाईट सांगायचं असलं की ते गोड करून सांगायला.

जर्सी सिटीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्याच्याबरोबर देवानंद पाटणकर राहायचा. देवानंद नागपूरचा. स्कॉलरशिप मिळवून न्यूयॉर्कला जपानच्या इतिहासावर पीएच.डी. करत होता. त्यासाठी जपानी शिकला होता, वर्षभर क्योतोला राहून आला होता. नागपूरच्या पोराला जपानचं काय पडलंय, असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी घातलेला घोळ वाचला की आपला घोळ जरा सहन होतो." रविवारी सांगलीला फोन लागला की गिरीशची आई मुलाशी दोन वाक्यं बोलायची आणि म्हणायची, "त्या देवानंदला दे बघू." कारण देवानंद तिला आमटीचं आणि थालीपिठाचं खोदून खोदून विचारायचा, आणि गिरीश नुसता 'बरं आहे' म्हणायचा.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात देवानंदनं मंडळाच्या दिवाळीसाठी नाटक लिहिलं. जपानात शोगुनांची सत्ता खिळखिळी झाली होती त्या अखेरच्या वर्षांतलं. नायक सेइजी, बावीस वर्षांचा सामुराई. सेइजी नावाचा खरा माणूस कुणी झाला नाही. वाचनात आलेल्या चार-पाच पोरांचा मिळून देवानंदनं एक केला होता. हा सेइजी आपल्या चिमुकल्या संस्थानात उभा राहून म्हणतो, की जन्म बघून मान आणि पगाराचे तांदूळ वाटणं बंद करा, आणि शाळेत सगळ्यांना बसवा. सगळ्यांना म्हणजे नदीपलीकडच्या वस्तीतल्यांनाही. नदीपलीकडे मेलेली जनावरं ओढणारे, कातडी कमावणारे, प्रेतं उचलणारे लोक राहायचे आणि गाव त्यांना शिवत नसे. जपानातसुद्धा असं होतं, हे ऐकून मंडळातल्या निम्म्या लोकांना धक्का बसला. उरलेल्या निम्म्यांना बरं वाटलं.

पहिलं वाचन श्रीरामकाकांच्या बेसमेंटमध्ये झालं. श्रीरामकाका मंडळाचे अध्यक्ष, औषधांच्या कंपनीत मोठे मॅनेजर. त्यांच्या बायको पद्मिनीकाकू नाटक बसवणार होत्या. त्यांची मुलगी दीपा जन्मानं आणि बोलण्यानं अमेरिकन; मराठी तिला सगळं समजायचं, पण उत्तर ती इंग्रजीत द्यायची. ती विंगेत बसून प्रयोगाचे इशारे देणार होती. सेइजीची भूमिका देवानंद स्वतः करणार होता, आणि सेइजीच्या जिवलग मित्राची गिरीश.

"शेवटी सेइजीला पोट फाडून घ्यायची शिक्षा होते," देवानंदनं समजावलं आणि क्योतोहून आणलेला कागदी पंखा सगळ्यांच्या मधोमध ठेवला. "पण खंजीर देत नाहीत. खंजीर हातात आला तर तरणं पोरगं बिथरेल, कुणावर तरी चालून जाईल. म्हणून पाटावर पंखा ठेवतात. त्यानं फक्त हात पुढे करायचा आणि पंख्याला बोट लावायचं. बोट लागलं की मागे उभा असलेला माणूस मान उडवतो. मग सगळे म्हणायला मोकळे, की त्यानं स्वतःहून केलं."

"मागे कोण उभा असतो?" पद्मिनीकाकूंनी विचारलं.

"पुष्कळदा मित्रच. जवळच्या माणसाच्या हातून कमी लागतं, असं मानायचे."

सगळ्यांनी गिरीशकडे पाहिलं आणि सगळे हसले. गिरीशही हसला. सेइजी जे जे म्हणतो ते तोही म्हणतो, फक्त जरा हळू, अशी त्याची भूमिका होती. ती त्याला चांगली जमणार, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

पाटणकर हे आडनाव आणि देवानंदचं स्वच्छ बोलणं यामुळे पद्मिनीकाकूंनी त्याला पहिल्याच भेटीत आपल्यात जमा करून टाकलं होतं. "माझ्या मामेसासूबाईंचं माहेर पाटणकरच," त्या म्हणाल्या होत्या. देवानंद हो म्हणाला नव्हता, नाहीही म्हणाला नव्हता. गिरीशला खरं काय ते ठाऊक होतं. दोन वर्षं दोघं एका गॅसवर जेवत होते. पण त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आपण सांगत नाही याचं त्याला मनातून फार कौतुक होतं.

एडिसनला जाता-येता गिरीश गाडी चालवायचा आणि देवानंद शेजारी बसून संवाद म्हणायचा. टर्नपाइकच्या महामार्गावर एकदा त्यानं शेवटचा प्रवेश म्हणून दाखवला. सेइजी मरून पडलाय. संस्थानच्या भीतीनं त्याचे आप्त प्रेताला हात लावत नाहीत. तेव्हा नदीपलीकडचा एक माणूस येतो. तो म्हणतो, "आम्ही हे काम सोडलं आहे. पण हा आमचा होता, म्हणून ह्याला नेतो." आणि चटईसकट सेइजीला ओढून घेऊन जातो.

"हे बापाचं आहे," देवानंद म्हणाला. "म्हणजे अर्धं. छप्पन सालानंतर बापानं गावातली ढोरं ओढायचं बंद केलं. गावानं पाणी तोडलं. मग मेलेला बैल आणून आमच्या दारात टाकला. ऊन भंडाऱ्याकडचं. आई रडून सांगायची, अहो उचला आता, लेकरू आजारी पडेल. लेकरू म्हणजे मी. बाप उंबऱ्यात बसून राहिला. बैल तिथंच फुगला, फुटला, त्यानं हात लावला नाही. मग आम्ही नागपूरला आलो."

गिरीशनं गाडीची लेन बदलली. "ग्रेट, यार," तो म्हणाला. दुसरं काय म्हणायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

तालमींचा मुहूर्त गणपतीनंतरच्या शनिवारी धरला. अतुल आठवडाभर टेलिफोन कंपनीत इंजिनियर आणि शनिवार-रविवार मंडळाचा भटजी; नाटकात तो संस्थानच्या दिवाणाचं काम करत होता. त्यानं चौरंग मांडला, नारळ ठेवला, पळी-पंचपात्र काढलं आणि म्हणाला, "लेखक तू, हीरो तू, मग यजमानही तूच. ये देवानंद, बस. गोत्र सांग."

"मी पूजेला बसत नाही, अतुल. आम्ही बौद्ध. तुम्ही करा, मी इथे उभा आहे."

चहात साखर नको म्हणावं इतक्या साधेपणानं तो बोलला. पण अतुलच्या हातातली पळी हवेतच थांबली.

"अय्या, हो?" पद्मिनीकाकूंनी सावरून घेतलं. "छानच की. आम्हीसुद्धा मानतो बुद्धाला. नववा अवतार."

"नागपूरचे बौद्ध," श्रीरामकाका म्हणाले, "म्हणजे, त्या साली झालेले?"

"हो काका. त्याच साली झालेले."

"वा. वा." एकदा वा म्हणतात तेव्हा माणसाला आवडलेलं असतं. काका दोनदा म्हणाले. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांना जे शोधायचं होतं ते सापडलं. "गिरीश, तू बस रे पूजेला."

गिरीश बसला. गोत्र सांगितलं. नारळही त्यानंच फोडला.

पुढच्या शनिवारी तालमीनंतरचं जेवण कागदी प्लेटांवर आलं. पद्मिनीकाकूंची स्टीलची ताटं पुण्याहून सुटकेस भरभरून आणलेली, त्यावर नावं घातलेली. पाहुण्यांना त्या ताटांत वाढण्याचा त्यांना अभिमान होता. आता सगळ्यांनाच कागद. कुणा एकाला वेगळं वाढलं असतं तर बोट दाखवता आलं असतं. काकू हुशार होत्या.

"Mom, you hate paper plates," दीपा म्हणाली.

"भांडी कोण घासणार?" काकू म्हणाल्या. डिशवॉशर त्यांच्या मागेच उभा होता. देवानंदनं आपली प्लेट खाली-वर करून पाहिली, तिच्यावर भात घेतला आणि पोटभर जेवला. गिरीशनं आपली प्लेट अर्धी टाकून दिली. त्याला लाज वाटत होती, आणि ही लाज लवकर जावी असंही वाटत होतं.

त्यानंतर आठवड्याभरातच श्रीरामकाकांनी त्याला एकट्याला बोलावून घेतलं. मागच्या अंगणात लाकडी डेकवर दोघं बसले. दुपारची वेळ होती, शेजारचा अमेरिकन गवत कापत होता.

"तू समजूतदार आहेस म्हणून तुझ्याशी बोलतो," काका म्हणाले. "आम्हाला पर्सनली काही नाही. यू नो अस. पण मेंबर्स फोन करतात. पूजेच्या वेळी असं झालं, लोकांच्या मनात राहतं. शिवाय या वर्षी व्हिडिओ कॅसेट इंडियात सगळ्यांच्या घरी जाणार. मुख्य कामात तो, म्हणजे मग प्रश्न येतात. त्याला काढायचं नाही हं. काढलं असं कुणी म्हणता कामा नये. थीसिसचं प्रेशर आहे, असं सांगून त्यानंच सोडावं. तू मित्र आहेस. तू सांगितलंस तर त्याला कमी लागेल."

गिरीशला हे वाक्य कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं. कुठे ते आठवलं तेव्हा तो खुर्चीत पुढे सरकला. पण तो तोंड उघडणार इतक्यात काका म्हणाले, "सेइजी तू कर. तुझं सगळं पाठ आहे. दीपालाही आवडेल."

दीपा गिरीशला आवडत होती, हे खरं. तिच्याबरोबर येणारं ग्रीन कार्डही त्याला नावडतं नव्हतं. दिवाळीच्या प्रयोगानंतर बोलणी व्हायची, हे दोन्ही बाजूंनी न बोलता ठरलं होतं. आता नाही म्हटलं तर हे सगळं हातचं जाणार, आणि हो म्हटलं तर मित्र जाणार. इतकं सरळ कोडं त्याच्यापुढे आयुष्यात कधी आलं नव्हतं.

"बघतो," तो म्हणाला. मराठी माणसाला हो म्हणायचं असतं पण स्वतःच्या कानांनी ऐकायचं नसतं, तेव्हा तो 'बघतो' म्हणतो.

रविवारी सकाळी देवानंद वांगी चिरत होता. गिरीशच्या आईनं सांगितलेली भरली वांगी करायचा बेत होता. गिरीशनं दोनदा चहा गरम केला आणि दोन्हीदा प्यायचा विसरला.

"तुझं थीसिसचं प्रेशर आहे ना सध्या?" त्यानं विचारलं.

"नाही."

"म्हणजे, असेलच ना यार. तालमी, परत ते चॅप्टर. काका म्हणत होते..." आणि मग तो बोलत सुटला. मेंबर्स, फोन, कॅसेट, लोकांची मनं, काकांचा नाइलाज. स्वतःच्या नाइलाजावर यायच्या आत त्याचा श्वास संपला.

देवानंदनं सुरी खाली ठेवली. हात धुतले, पुसले.

"पंखा आणलास का?" त्यानं विचारलं.

"असं काय बोलतोस."

"नाही, विचारतोय. आणला असलास तर ठेव पाटावर. मी बोट लावतो." त्याचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचंच गिरीशला भय वाटत होतं. "सेइजी कोण करणार?"

गिरीश फ्रिजकडे बघत राहिला.

"तू," देवानंद म्हणाला आणि हसला. "नाटकात तू नुसती मान उडवायचास. इथे मढ्याचे कपडेही काढून घेतलेस."

"मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी घेतलंच असतं."

"मग म्हणायचं होतंस नाही. दुसऱ्याला घेतलं असतं."

उत्तर नसलं की समजूतदार माणसाला राग येतो, आणि तो नेमका ज्याच्यावर अन्याय केलाय त्याचाच येतो. गिरीशला आला. "पाच मिनिटं बसला असतास पूजेला तर काय बिघडलं असतं? कुणाला कळलंही नसतं. मी दोन वर्षं कुणाला बोललो नाही."

देवानंदनं त्याच्याकडे असं पाहिलं, की आपण नुकतेच या घरात राहायला आलोय असं गिरीशला वाटलं. मग देवानंदनं पुन्हा सुरी उचलली.

"मी सोडतो," तो म्हणाला. "थीसिसचं प्रेशर आहे. सांग त्यांना. शेवटचं काम कोण करतोय, नदीपलीकडच्याचं?"

"कुणीच तयार नाही." हे खरं होतं. अतुलनं कानावर हात ठेवले होते. फाटके कपडे, तोंडाला फडकं, हातात दोरी. कॅसेट आई बघणार, पोरगा अमेरिकेत जाऊन हे करतो का, म्हणेल, असं त्याचं म्हणणं होतं. बाकीच्यांची म्हणणी याच्याच आसपास होती.

"मी करतो," देवानंद म्हणाला. "आता बाहेर जा थोडा वेळ. वांगी झाली की हाक मारतो."

त्यानं हाक मारली नाही. गिरीश संध्याकाळी परतला तेव्हा वांगी पातेल्यात तशीच होती, आणि त्यानंतर दोघं एका वेळी जेवले नाहीत.

मंडळात मात्र सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. देवानंद मोठ्या मनाचा निघाला, असं श्रीरामकाकांनी जाहीर केलं. "आणि ते काम तो इतकं नॅचरल करेल," पद्मिनीकाकू म्हणाल्या. त्या मनापासून बोलल्या. वाईट बोलतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांनी नदीपलीकडच्याचं वाक्य कापलं. प्रेत उचलताना बोलणं कशाला, सायलेंटच इफेक्टिव्ह. मग शाळेची मागणी चाललेला प्रवेश कापला, कारण लांबत होता. मग वस्तीतल्या लोकांचा प्रवेश कापला, कारण डिप्रेसिंग होता. आता सेइजीला नक्की कशासाठी मारतात ते नीट कळत नव्हतं, पण कपडे फार सुंदर दिसत होते. इतकी काटछाट केल्यावर लेखन पद्मिनीकाकूंचं आणि मूळ कल्पना देवानंदची, असं ठरलं. दिवाणाचं काम काकांनी घेतलं, आणि सेइजीच्या मित्राचं अतुलनं. देवानंद प्रत्येक तालमीला यायचा, अगदी शेवटी आत शिरायचा, चटई ओढायचा आणि कागदी प्लेटला हात न लावता बसनं घरी जायचा.

एकदा गिरीश दीपाला कामाच्या ठिकाणाहून आणत होता, तेव्हा तिनं गाडीत विचारलं, "He wrote it. Why isn't he doing it?"

"त्यानं स्वतःहून सोडलं," गिरीश म्हणाला. "थीसिस आहे."

"Did he?"

गिरीशनं वायपर सुरू केले. बाहेर लख्ख ऊन होतं. दीपा घर येईपर्यंत त्या फिरणाऱ्या वायपरकडे बघत राहिली. तो तेव्हाही तिला सांगू शकला असता. प्रयोगाला अजून अवकाश होता. पण त्याला वाटलं, आता सगळं सुरळीत चाललंय.

प्रयोग नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दुपारी, एका हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये झाला. तिथला पडदा नादुरुस्त होता. म्हणून असं ठरलं होतं, की प्रेत विंगेत गेलं की दिवे घालवायचे, तोच शेवट. दिव्यांवर शाळेचा माणूस होता, त्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. दीपानं त्याला नीट सांगून ठेवलं होतं. देह आत गेला की अंधार. त्याआधी काही झालं तरी नाही.

गिरीशनं काम वाईट केलं नाही. शेवटच्या प्रवेशात तो पांढऱ्या कपड्यांत चटईवर बसला. समोर पाट, पाटावर देवानंदचा पंखा. त्यानं हात पुढे केला, पंख्याला बोट लावलं, आणि मागून अतुलची लाकडी तलवार सुं करत खाली आली. गिरीश पुढे कोसळला. सभागृहात चारशे माणसं गप्प झाली. मागे ट्रायपॉडवर कॅमेरा चालू होता. अतुल आत गेला, काका आत गेले, आणि स्टेजवर गिरीश एकटा उरला.

त्याचा गाल लाकडी जमिनीला टेकला होता. डोळे मिटलेले. त्याला पावलं ऐकू आली. अनवाणी, सावकाश. आता चटईचं टोक उचललं जाईल, म्हणून त्यानं अंग सैल सोडलं.

पावलं त्याच्या डोक्यापाशी येऊन थांबली. कुणीतरी वाकलं. गिरीशनं डोळ्यांची फट करून पाहिलं. देवानंदनं पाटावरचा पंखा उचलला, काडी-काडी जुळवत मिटला आणि कमरेला खोचला. मग तो सरळ उभा राहिला, तोंडावरचं फडकं खाली केलं, आणि शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्यालाही कळेल अशा आवाजात म्हणाला,

"आम्ही हे काम सोडलं आहे."

पुढचं अर्धं वाक्य आलं नाही. गिरीश त्याची वाट बघत होता. वाक्य त्याला पाठ होतं. 'पण हा आमचा होता' असं ते होतं. त्याऐवजी पावलं आली तशी सावकाश परत गेली. बाजूचा दरवाजा उघडला, बाहेरच्या रस्त्याचा आवाज आत आला, आणि दरवाजा बंद झाला.

दिवे जळत राहिले. दिव्यांवरचा माणूस सांगितल्या कामाला पक्का होता. देह अजून तिथंच होता.

विंगेत कुजबुज सुरू झाली. ती गिरीशला अगदी स्पष्ट ऐकू येत होती.

"अतुल, तू जा. ओढ त्याला."

"मी? मीच मारलंय काकू, मीच कसा ओढू?"

"अहो, तुम्ही जा मग."

"मी दिवाण आहे, पद्मिनी. दिवाण प्रेत ओढतो का?"

"कुणीतरी ते फडकं बांधा आणि जा ना. सगळे बघतायत."

"कॅमेरा चालू आहे," अतुल म्हणाला.

कुणी आलं नाही. चार हातांवर दहा माणसं उभी होती, रेशमी झग्यांत, आणि त्यांतलं एकही पुढे आलं नाही. गिरीश जमिनीवर पडून हे ऐकत होता. त्याच्या नाकात फ्लोअर वॅक्सचा वास भरला होता, गालाखाली घाम साचत होता. या माणसांसाठी आपण मित्र दिला, हे त्याला त्या क्षणी कळलं. याआधी कळत नव्हतं असं नाही, पण आता झोंबलं. तरीही तो उठला नाही. कुणीतरी येईल, असं त्याला वाटत होतं. आपण कुणाचं काही वाईट केलं नाही, असंच तो आयुष्यभर समजत आला होता, आणि अशा माणसाला कुणीतरी न्यायला येतंच.

सभागृहात एक लहान पोर मोठ्यांदा म्हणालं, "Is he really dead?" आणि लोक हसले. आधी दबून, मग मोकळ्यानं.

"Girish," विंगेतून दीपाचा आवाज आला. तो थकलेला होता आणि त्यात माया नव्हती. "Just get up."

तो उठला. गुडघे झाडले, आणि मान तुटलेला सेइजी स्वतःच्या पायांनी चालत आत गेला. तेव्हा कुठे दिवे गेले. अंधारात लोक पोट धरून हसत होते आणि टाळ्या वाजवत होते.

घरी आला तेव्हा देवानंदची खोली रिकामी होती. कपडे, पुस्तकं, मसाल्याचे डबे, सगळं नेलं होतं. चिठ्ठी नव्हती, शिवी नव्हती. गिरीशनं दोन-तीनदा युनिव्हर्सिटीत फोन केला आणि पलीकडून हॅलो ऐकू आलं की ठेवून दिला.

'तुझ्या मित्रानं' प्रयोगाचं वाटोळं केलं, असं श्रीरामकाका सगळीकडे सांगत होते. गिरीशला मित्र आहे, हे त्यांना आता आठवलं. बोलणी आधी नाताळपर्यंत आणि मग बेमुदत पुढे गेली. दीपाला विचारावं, असं एकदा त्याच्या मनात आलं. पण तिचं उत्तर त्याला प्रयोगाच्या दुपारीच मिळालं होतं.

कॅसेटी मात्र ठरल्याप्रमाणे इंडियात गेल्या. तिकडच्या व्हीसीआरवर चालाव्यात म्हणून त्या पैसे भरून बदलून घ्याव्या लागल्या. तोवर दर रविवारी आईनं देवानंदला मागितलं की गिरीश 'लायब्ररीत गेलाय' म्हणायचा. फेब्रुवारीत सांगलीला फोन लागला तेव्हा आई आनंदात होती. शेजारच्यांकडे सगळी गल्ली जमवून तिनं नाटक पाहिलं होतं.

"छान दिसत होतास रे," ती म्हणाली. "पांढरं शोभतं तुला. पण ते शेवटी काय? तू पडलास, आणि तो एक फाटका माणूस आला, बघून निघून गेला. मग कुणी येईचना. मला तर बाई रडूच फुटलं. इतकी माणसं आत, आणि माझ्या पोराला उचलायला एक नाही?"

"तसंच होतं नाटकात," गिरीश म्हणाला.

"देवानंदनं उचललं असतं बघ. त्याला का नाही घेतलंत? इतकं त्याचं नाटक-नाटक चाललं होतं, मला फोनवर सगळी गोष्ट सांगितली होती त्यानं. दे बघू त्याला."

गिरीशनं समोरच्या रिकाम्या खोलीकडे पाहिलं. दार उघडंच होतं.

"तो नाही आता इथे, आई," तो म्हणाला. "त्यानं स्वतःहूनच सोडलं."